द्वादशीचा उपास

श्री

मु. कुंडल,
मार्गशीर्ष वद्य ५, शके १८६८

राजश्री केरबाराव हवालदार, मुक्काम कडेगाव, यांस नाथाजीचा रामराम.

इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत. तिकडे आपण, विहीणबाई, चि. अंजना आणि नात खुशाल असावीत. जावईबापूंची पलटण सध्या कुठे आहे आणि त्यांना रजा कधी मिळणार, ते समजले नाही. उसाला तोड लागली आहे. आमची गुऱ्हाळाची पाळी पौषात येईल. थंडी बेताची आहे. नातीच्या बारशाला येता आले नाही, तरी त्या दिवशी देवळात नारळ फोडला आणि आळीत साखर वाटली.

वैशाखात तुमच्या धाकट्या मुलीच्या लग्नात जे झाले, त्याबद्दल मी आजवर काही लिहिले नाही. मानाच्या पहिल्या पंगतीत तुमच्या शेजारी माझा पाट मांडला होता, पुढे रांगोळी घातली होती. तुम्ही हाताला धरून म्हणालात, "बसा व्याही." मी म्हणालो, "आज माझा उपास हाय," आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो.

तुमचे चुलते समोरच बसले होते. ते म्हणाले, "आवं पावणं, आज द्वादशी. कालची एकादशी आज सोडायची. तुमच्या कुंडलात पंचांग उलटं धरून वाचत्यात व्हय?"

पंगत हसली. मग मागून कोणीतरी म्हणाले, "उपास कसला! त्यास्नी आमचा पाट टोचतोय." त्यावर कोणी हसले नाही. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलेत आणि पानावर बसलात.

जन्मभर एकादशी धरणारा माणूस द्वादशीला उपास सांगतो, तेव्हा तो व्याह्याचे अन्न नाकारतो असाच अर्थ निघतो. तुमच्या जागी मी असतो तर मीही तोच काढला असता.

आषाढात अंजनाला पहिल्या बाळंतपणासाठी आणायला आमचा अर्जुना गाडी घेऊन आला होता. तुम्ही त्याला गूळपाणी दिलेत, बैलांना वैरण घातलीत आणि सांगितलेत, "तुझ्या बाला आमच्या दारात बसवंना, मग आमची सून त्याच्या दारात कशाला निजवू?" पोराने ते मला जसेच्या तसे सांगितले. रिकाम्या गाडीतली गादी काढून ठेवताना अंजनाची आई बरेच काही बोलली. त्यातला एकही शब्द तुम्हाला उद्देशून नव्हता.

खरी गोष्ट अशी आहे की मला खाली बसता येत नाही.

मांडी घालता येत नाही आणि उकिडवेही बसता येत नाही. अंजनाचे लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत हे सुरू झाले. आधी उजवा गुडघा दुखायचा. त्यावर बिब्बा घातला, एरंडाची पाने बांधली. कातडे सोलून निघाले आणि दुखणे होते तिथेच राहिले. सकाळी उठलो की पाय लाकडासारखा असतो, अंगणात थोडे फिरलो की सैल होतो, आणि रानातून परत येईपर्यंत जांघेत कळ सुरू होते. त्या कुशीवर निजता येत नाही. वहाण पायात सरकवायला दुसऱ्या पायाची मदत घ्यावी लागते. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी मी वाचत असे, ते सोडले. डोळे कमी झाले असे लोकांना सांगितले. डोळे ठीक आहेत. हातात काठी आली, ती कुत्र्यांसाठी आहे असे सांगितले. माणूस एकदा असे सांगू लागला की पुढचे आपोआप सुचत जाते.

त्या दिवशी पाटावर बसलो असतो तर मला उठवायला दोघे लागले असते, आणि अंजनाचा बाप लंगडा आहे हे सगळ्या मांडवाने पाहिले असते.

तुम्ही पलटणीत राहिलेले. तुम्ही म्हणाल, लंगडा तर लंगडा, त्यात झाकायचे काय? तेच आता लिहितो.

अंजनाला बघायला आलात तेव्हा विहीणबाईंनी तिला परसापर्यंत चालायला लावले होते. ती सरळ चालली. मग त्यांनी मला विचारले, "तुमच्या आई लंगडायच्या म्हनं?" मी सांगितले, "गाडीवरनं पडली हुती." आम्हा भावंडांना लहानपणापासून हेच सांगितलेले होते. पण माझा स्वतःचा पाय ओढू लागला तेव्हा ते उत्तर मला पुरेनासे झाले. आजी तशी, बाप तसा, आता मुलगी कशी चालते ते पाहू, असे लोक म्हणतील. पोर पाण्याची घागर घेऊन निघाली की चार डोळे तिच्या कमरेकडे लागतील. ते होऊ नये म्हणून मी उभा राहिलो. घरात म्हातारी चुलती आहे, तिला विचारले असते तर खरे कळले असते. पण विचारले नाही.

दिवाळीनंतर मिरजेला दवाखान्यात गेलो. अर्जुनाने जवळजवळ उचलूनच आगगाडीत चढवले. तिथल्या बाकावर खुबा धरून बसलेले आम्ही चौघे होतो. कुपवाडची एक म्हातारी विहिरीवर घसरली होती. तिचे हाड खुब्यापाशी मोडले होते, पाऊल बाहेर वळून पडले होते आणि पाय आखूड दिसत होता. एका हमालाचा खुबा चांगलाच होता, पण कमरेतली शीर दबल्यामुळे कळ पोटरीपर्यंत जात होती. एका बाईच्या सांध्यात क्षय शिरला होता, तिला रोज सांजचा ताप येई. मी आजवर सगळ्यालाच वात म्हणत आलो होतो.

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलेच नाही. मी म्हणालो, "सायेब, दुखतंय हितं." ते म्हणाले, "दुखतं तिथं, पण बिघाड वर आहे." त्यांनी पाय दुमडून आत वळवला तेव्हा माझ्या तोंडून विठ्ठलाचे नाव निघाले. "हेच ते," म्हणाले. मग फोटो काढला आणि उजेडात धरून मला दाखवला.

आपल्या जुन्या दारांचा खालचा खुंट दगडातल्या खळग्यात फिरतो. खळगा उथळ असला तरी दार फिरते, फक्त खुंट कडेला घासतो आणि झिजतो. माझ्या खुब्याची वाटी जन्मापासून तशी उथळ आहे असे डॉक्टर म्हणाले. चाळीस वर्षे चालले, आता मधले मऊ अस्तर संपले आणि हाड हाडावर आले. ज्याची वाटी याहून उथळ, त्याचे हाड तान्हेपणीच बाहेर सरकते आणि ते मूल पहिल्या पावलापासून लंगडते. मुलींमध्ये हे जास्त दिसते. एकाच घरात पुन्हा पुन्हा दिसते. त्यांनी विचारले, "घरात आणखी कोणी?" मी आईचे सांगितले, गाडीचेही सांगितले. ते हसले नाहीत. "घरी जाऊन नीट विचारा," एवढेच म्हणाले.

घरी येऊन चुलतीला विचारले. धोंडुबाई काकू आता पुरती वाकली आहे, पण तिला जुने सगळे आठवते. म्हणाली, "पडली, ते खरं. पन लंगडत हुती म्हनून पडली रं. तुझ्या आज्यानं लोकास्नी उलटं सांगितलं, तेच चाललं."

एवढ्यावर मी हे पत्र लिहिले नसते. माझी लाज मी माझ्यापाशी ठेवली असती, आणि तुमचा रागही सोसला असता.

परवा मनुबाई कासारीण बांगड्या घेऊन आमच्या दारी आली. ती तुमच्या आळीतून आली होती. अंजनाच्या आईने हात पुढे करण्याआधी नातीचे विचारले. मनुबाई म्हणाली, "लय देखणी हाय बगा. पन डावा पाय लय हट्टी. न्हाऊ घालताना उजवी मांडी उघडती, डावी अर्ध्यात अडती. सुईण म्हनती, थंडीनं आखडलाय. रोज तेल लावून दोनी पाय ओढून सरळ करत्यात, नि दुपट्यात आवळून बांधत्यात."

अंजनाची आई कौतुकाने म्हणाली, "हट्टी न्हाई तर काय हुईल? नात कुनाची?" मी ओसरीवर भिंतीला टेकून उभा होतो. मला त्या दोघींच्या हसण्यात हसता आले नाही.

केरबाराव, पोरीला दुपट्यात आवळून बांधणे आजपासून बंद करा. विहीणबाई माया म्हणूनच करतात, आमच्याकडेही सगळ्या तसेच करतात. पण नात आहे असे मी सांगितले तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते की तान्ह्याचे पाय ओढून सरळ बांधले तर थोडे सरकलेले हाड पुरते बाहेर जाते. पाय मोकळे आणि फाकलेले असू द्यावेत, पोर कडेवर घेतल्यावर असतात तसे. तिला उताणी निजवून दोन्ही गुडघे दुमडून पाहा. एक गुडघा दुसऱ्यापेक्षा खाली दिसतो का, मांडीच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का, ते बघा. जोर लावू नका. सगळे सारखे दिसले तरी एकदा डॉक्टरांना दाखवा, कारण मला किंवा तुम्हाला त्यातले कळत नाही. या वयात कळले तर पाय फाकवून पट्ट्यांनी किंवा प्लॅस्टरने काही महिने ठेवतात, आणि वाटी हाडाभोवती आपली आपण खोल होत जाते. पोर चालू लागल्यावर कळले तर काम अवघड होते. पुढे मोठेपणी माझ्यासारखी काठी.

या पत्राने मी तुमच्या हाती काय दिले आहे ते मला समजते. मुलीच्या घराण्यात व्यंग आहे, हे बापाने स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. ते तुम्ही चार माणसांत वाचून दाखवलेत तरी माझी ना नाही. फक्त अंजनाने तुमच्यापासून काही लपवलेले नाही. तिला यातले काहीच माहीत नाही. तिच्या आईलाही आज हे पत्र संपल्यावर सांगणार आहे.

अंजनाला ठेवायचे की माहेरी धाडायचे, हे तुम्ही आणि जावईबापूंनी ठरवावे. मी वाद घालायला येणार नाही. ठेवणार असाल तर पोरीला घेऊन तुम्ही मिरजेला जा. मी तिथे दिसणार नाही. धाडणार असाल तर मायलेकींना कुंडलला धाडू नका, तशाच मिरजेला धाडा. निरोप आला की मी दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहीन. घर त्यानंतर.

पोरगी अजून उभी राहिलेली नाही, तोवर हे व्हावे. यापलीकडे देवाकडे किंवा तुमच्याकडे माझे काही मागणे नाही.

तिचा आजा,
नाथाजी