दरवान निजलो

बाबा, मी कोण ते आठवतंय का? तुमचा काही भरवसा नाही. कपाळावर चष्मा चढवून घरभर चष्मा शोधणारे तुम्ही, गेलात तेव्हाही तो इथेच विसरून गेलात. इतकी वर्षं माझ्या ट्रंकेत पडलाय. तर मी तुमची थोरली. आता स्वतः आजी झालेय, पण अक्षर अजून येत नाही, म्हणून मी सांगतेय आणि नात लिहितेय. मध्येच फिदीफिदी हसते, ते कसं लिहायचं तिचं तिने बघावं.

या नातीला तुमचीच लागण झालीय. तुमची काळी-पिवळी टॅक्सी गेल्यावर घरात कुणी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, हिने शाळेची व्हॅन घेतली. दिंडोशीची चौदा मुलं ने-आण करते. मे महिना सरला, सोमवारी शाळा उघडणार, आणि शुक्रवारी व्हॅन तापली. काटा पार लालात. बिल्डिंगखाली आणून उभी केली आणि चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेट उघडून लांबूनच सांगितलं, "गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल, पंधरा दिवस धरा." ही वर आली ती तोंड पाडून. "आजी, वाट लागली. पंधरा दिवसांत सगळी मुलं दुसऱ्या व्हॅनला लागतील. एकदा गेली की परत कोण येतंय?"

मी काठी घेतली नि खाली उतरले. "पाणी कमी होतंय?" नाही. "पंखा फिरतो?" फिरतो. "तेलाचा चहा झालाय?" मेकॅनिकने विचारलं, "चहा?" "अरे, गॅस्केट गेलं की तेलात पाणी शिरतं, मग ते दुधाच्या चहासारखं दिसतं ना? काढ ती तेल मोजायची पट्टी, बघ." पट्टीवर तेल काळंभोर, स्वच्छ. मग मी नातीला गाडी चालू करायला लावली, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावलास तर तंगडी मोडेन म्हटलं. मनगटावरचा डाग दाखवला. तुमच्या गाडीचं गरम झाकण उघडायला गेले होते तेव्हाचा. तुम्ही आधी माझा हात पाण्यात बुडवलात आणि मग ओरडलात, "चेडवा, आधी हात लाव, मगे तोंड उघड. आणि हात खंय लावचो ता इचार." त्याच दिवशी तुम्ही मला रेडिएटरचे दोन पाइप दाखवलेत. इंजिन तापलंय, वरचा पाइप भाजतोय आणि खालचा मात्र थंडगार, तर समजायचं, दरवान निजलो. म्हणजे इंजिनाच्या दारावरचा तो छोटा वॉल्व. इंजिन गार असलं की मिटून बसतो, तापलं की दार उघडून पाणी फिरू देतो. तो निजला की पाणी आतल्या आत उकळत राहतं.

आणि मग तुम्ही तो काढून थेट आईच्या स्वयंपाकघरात आलात. घाटकोपरची ती खोली, स्टोव्हवर तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा टोप. तुम्ही वॉल्व त्यातच सोडताय. आई पदर खोचून उभी. "आज कालवणात काय, लोखंड?" आणि तुम्ही शांतपणे, "उघाडलो तर वाढ, नाय तर टाक." तिसऱ्या एकेक करून उघडल्या. तो मिटूनच. आईने टोप आपटला, पण उकळूनही जी तिसरी उघडत नाही ती मेलेली, हे तिनेच मला शिकवलं होतं.

त्या शुक्रवारी व्हॅनचाही खालचा पाइप थंडगार निघाला, तेव्हा मी तेच सांगितलं. दरवान निजलाय. मेकॅनिक हसला. "थर्मोस्टॅट म्हणताय आजी? मग तो काढूनच टाकू. मुंबईत कशाला लागतो?" मी म्हटलं, दरवान काढलास तर घर सताड उघडं, इंजिनाला ऊबही लागते रे. गाडी निवल्यावर त्याने वॉल्व काढला आणि आम्ही तिघं माझ्या गॅसभोवती उभे राहिलो. पाणी खदखदलं. तो ढिम्म. मग नवा आणून पाण्यात टाकला, पाणी उकळायच्या आधीच त्याने तोंड उघडलं. मेकॅनिक म्हणाला, "मानलं आजी." सोमवारी चौदा मुलं वेळेवर शाळेत. काटा मधोमध. आता तो मेकॅनिक गिऱ्हाइकांना विचारतो म्हणे, दरवान बघितला का? बाबा, तुमचा शब्द चारकोपमध्ये चालतोय. माझी छाती कशी फुगली असेल ते तुम्हीच समजा.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. माझ्या बोटांना आता गरम-थंड नीट कळत नाही. मी पाइपला हात लावला खरा, समजलं काहीच नाही. म्हणून नातीचा हात धरून खालच्या पाइपला लावला आणि तिचा चेहरा बघितला. गाडीचं दुखणं मी तिच्या हाताने ओळखलं. तिला हे आत्ता, लिहिताना कळतंय. पेन थांबलंय बघा.

थांबू नको गं, लिही. हे पत्र ट्रंकेत चष्म्याजवळ ठेव, चष्म्याशिवाय ते कुठे वाचणार आहेत. आणि उद्या मेकॅनिकला तिसऱ्यांचं सुकं पाठव, भाकऱ्या चार, सोबत सोलकढी. वेगळ्या वाटीत एक न उघडलेली तिसरी ठेव. सांग त्याला, ही खायची नाही, ओळखायची.