कटिंगच्या टेबलावरचा वंशतक्ता

अण्णा, तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. रोज सकाळी पूजा झाली की तुमच्या फोटोला नमस्कार करतो आणि दुकान उघडायला जातो. तुमच्याशी बोलायचं काही राहिलंय असं कधी वाटलं नाही. परवा तुमच्या सुनेनं एक गोष्ट विचारली, म्हणून लिहायला बसलो.

पंच्याण्णव सालची गोष्ट. दहावीपर्यंत तुम्ही मला देवनहळ्ळीपलीकडच्या गावात आजीजवळ ठेवलंत, तिथल्याच शाळेत घातलंत आणि मग शहरात, चामराजपेटेतल्या आपल्या शिलाईच्या दुकानात आणलंत. दिवसा दुकान आणि संध्याकाळी कॉलेज असं करून मी पदवी घेतली. त्याच वर्षी विद्यापीठानं दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत मानववंशशास्त्राचे चार-चार आठवड्यांचे वर्ग सुरू केले. मी विचारलं तेव्हा तुम्ही शर्टाच्या बाह्या कापत होता. मान वर न करता म्हणालात, "लग्नसराईत? काय शिकवतात त्यात?" मी म्हणालो, "कुठले लोक कसे राहतात, लग्नं कशी करतात." "त्याला विद्यापीठ कशाला? इथं स्टुलावर बस, गिऱ्हाईक सगळं सांगतं." कारागीर हसले. मग तुम्हीच म्हणालात, "सरी, बरं, जा. तीनला मशीनवर दिसला पाहिजेस."

दुकानात माझ्या मशीनसमोर भिंत होती, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. वर्गात बाई दूरदूरच्या बेटांवरच्या, वाळवंटांतल्या माणसांबद्दल सांगायच्या आणि मला वाटायचं, या भिंतीतून कोणीतरी एक वीट काढली. तीन वाजता मी परत तिच्यासमोर येऊन बसायचो.

दसऱ्याच्या सुट्टीत दुसरा वर्ग झाला. आपापल्या घरच्या चार पिढ्यांचा वंशतक्ता काढून आणायला सांगितलं होतं. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ, लग्न म्हणजे मध्ये दोन आडव्या रेघा. मी कटिंगच्या टेबलावर खाकी कागद पसरतो, तुम्ही कात्री ठेवून शेजारी येता आणि मला ठाऊक नसलेले पणजोबा, त्यांच्या दोन बायका, लहानपणी गेलेली मुलं, सगळं सांगत जाता. इतका वेळ तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता. शेवटी विचारता, "हा खाली एकटा कोण?" "मी." "एकटा कसा?" आणि कानामागचा खडू काढून तुम्ही माझ्या त्रिकोणापासून अक्काच्या मुलीच्या वर्तुळापर्यंत दोन रेघा ओढता. "स्वल्प तिरकं झालं," म्हणता, "पण बरोबर आहे."

थोरल्या बहिणीची मुलगी धाकट्या भावाला द्यायची ही आपल्या घरातली रीत. ती पाळण्यात असल्यापासून तसं बोलणं होतं, तेही मला माहीत होतं. पण ती मला मामा म्हणायची, आणि घरातलं ते बोलणं मी सणासुदीची चेष्टा समजून सोडून देत आलो होतो.

बाईंनी तो तक्ता फळ्यावर लावला. "मामा-भाचीच्या लग्नाचं इतकं स्वच्छ उदाहरण मिळत नाही. हा तूच ना? कधी झालं लग्न?" सगळा वर्ग बघत होता. झालं नाही म्हणालो असतो तर रेघा कोणी ओढल्या ते सांगावं लागलं असतं, आणि तुम्ही हसण्याचा विषय झाला असता. मी म्हणालो, "मागच्या वर्षी." तिसरा वर्ग पुढच्या उन्हाळ्यात होता, जंगलातल्या एका वस्तीत महिनाभर राहून. बाई म्हणाल्या, "तू नक्की ये. बायकोला विचारून ये हं."

तुम्ही मुहूर्त धरलात तो त्याच महिन्यातला. यादीतून नाव काढून घेताना मी कारण लिहिलं, घरगुती अडचण.

परवा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "लग्नाआधी अण्णा आमच्या घरी आले होते, माहीत आहे? आईला बाहेर पाठवलं आणि म्हणाले, तुला नको असेल तर आत्ता सांग, तुझ्या आईचं मी बघून घेतो."

"मग?"

"मी म्हटलं, मामाला विचारा. तर म्हणाले, त्याला नको असेल तर तो बोलेल. पंधरा दिवस पत्रिका छापायला देत नाही." ती हसली. "पंधरा दिवस मी कान लावून बसले होते, तुम्ही काही बोलताय का म्हणून." मग हसू थांबवून तिनं विचारलं, "तुम्हाला करायचं होतं का?"

ते पंधरा दिवस मला आठवतात, अण्णा. आपण समोरासमोर जेवत होतो. तुम्ही दोनदा विचारलंत, "काय रे, गप्प का?" दोन्ही वेळा मी "काही नाही" म्हणालो आणि भात मागून घेतला. पुढे इतकी वर्षं देवापुढे बसून, तुमच्यावरचा राग जाऊ दे, एवढंच मागत आलो.

तिला मी म्हणालो, "अण्णांची इच्छा होती." ती "बरं" म्हणाली आणि निवडलेली भाजी घेऊन आत गेली.

नव्हतं करायचं. आज विचारलं तर हो म्हणेन, पण तेव्हा नव्हतं. हे दोन्ही तिला सांगायला हवं. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही पुढचं काही विचारणार नाही.