टाकीवरच्या दोन रेघा

नाना, तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. आजवर तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं. मालेगावला आग्रा रोडवर ट्रकच्या फळ्यांवर तुम्ही देखणी अक्षरं काढायचात, पण ती कुणीतरी आधी कागदावर लिहून द्यावी लागत. तुमच्यासाठी ती चित्रंच होती. मीही चौथीतच शाळा सोडली. वाचायला लागले ती लग्नानंतर नाशिकला, ह्यांनी वाचनालयाचं कार्ड काढून दिल्यावर. ह्यांनाही जाऊन आता तीन वर्षं झाली. कार्ड चालू आहे.

अजून डोळ्यांसमोर दिसतं: संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात येऊन बसता, आई पोळ्या लाटतेय. तुम्ही लायनिंगचा, रेघा ओढायचा लांब केसांचा ब्रश रॉकेलमध्ये धुता, खोबरेल लावता, बोटांनी त्याला टोक आणता. "पोळीला रॉकेलचा वास येतो," आई म्हणते. "येऊ दे, तेवढाच जोरात पळेन," तुम्ही म्हणता. मी डब्याच्या झाकणावर रेघ ओढायला शिकतेय. एकदा रेघ मध्येच थरथरली आणि मी तिच्यावरूनच पुन्हा ब्रश फिरवला. तुम्ही झाकण हातातून घेतलंत. "हाई रेघ नही शे, दुरुस्ती शे," म्हणालात आणि सगळं पुसून टाकलंत. मी रडले, तरी झाकण परत पुढ्यात आलंच.

लग्नात तुम्ही मला तो ब्रश दिलात. सासरच्या बायका हसल्या, बाकीच्या पोरी पातेली घेऊन येतात म्हणून. वीस वर्षं तो ट्रंकेत पडून होता. मग ह्यांच्या ओळखीच्या एका इंजिनिअरने अंबडला शेड घेऊन मोटारसायकली बनवायला सुरुवात केली. जुन्या घाटाच्या, महागड्या, महिन्याला वीस-बावीस. टाकीवर हाताने ओढलेल्या दोन सोनेरी रेघा ही त्यांची ओळख. रेघ ओढणारं कुणी मिळेना, तेव्हा हे म्हणाले, "आमच्या घरातच आहे की." एका टाकीला चार मिनिटं लागतात. तेवढी चार मिनिटं मला काही आठवत नाही. संध्याकाळी सिडकोतल्या खोलीवर गेलं की एका माणसाचा स्वयंपाक, मग पुस्तक. त्यातलं काही आवडलं तर सांगायला कुणी नाही, म्हणून ते पान पुन्हा वाचते.

शेडमध्ये मला धरून अकरा माणसं आहेत. गाडी चांगली आहे, तरी धंदा चालत नाही. फाउंड्रीवाला म्हणतो, पंचवीस नगांसाठी भट्टी कोण लावणार, मोठ्या कंपनीचं काम उरकलं की बघू. आणि इंजिनाचं कव्हर दोन-दोन महिने येत नाही. धुराचा नियम बदलला की इंजिनाची चाचणी पुन्हा करायची, आणि लाखभर गाड्या विकणाऱ्याला जेवढा खर्च तेवढाच आम्हाला. आता मोठ्या कंपनीने तसल्याच जुन्या घाटाची गाडी निम्म्या किमतीत आणलीय, तिचा मेकॅनिक कळवणलासुद्धा मिळतो. आमच्या गाडीचं काही बिघडलं तर कोल्हापूरचा माणूस ती टेम्पोत घालून नाशिकला आणतो. एकदा आणतो, पुढच्या वेळी विकून टाकतो.

त्यात एका गिऱ्हाइकाने टाकीचे फोटो पाठवले. मालक मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. "मावशी, डावी रेघ उजवीपेक्षा केसभर जाड आहे म्हणतोय."

"हाताने काढलीय साहेब, असणारच."

"तेच तर. ह्यांना हाताचं काम पाहिजे, पण हात दिसायला नको."

वायरिंग करणारी तिकडून म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी स्वतःचे दोन कान मोज." सगळे हसले, मालक हसला नाही. परत आलेली टाकी पुन्हा रंगवायची, सुकवायची, रेघ ओढायची. पंधरा दिवस गाडी बंद. हे गेले तेव्हा तेराव्यापर्यंत मी घरी होते. तितके दिवस तयार गाड्या नुसत्या रेघेवाचून उभ्या होत्या आणि काहींनी ऑर्डरी मोडल्या. हे मला फार उशिरा कळलं. मालकाने कधी ऐकवलं नाही.

गेल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने दोन टाक्या टेबलावर ठेवल्या. एकीवर माझी रेघ, दुसरीवर स्टिकर, दोन्हीवर लॅकरचा थर. सगळे भोवती जमले. "मावशी, स्टिकर घेतलं तर रेघ सुकायची वाट नको, टाकी परत रंगवणं नको, गाडी दहा दिवस आधी निघते. तसं झालं तर हे वर्ष निघेल. तुम्ही स्पेअर पार्टच्या पॅकिंगला या, पगार तोच. पण तुम्हाला फरक दिसला तर उद्या गिऱ्हाइकालाही दिसेल, मग मी स्टिकर लावणार नाही. सांगा, तुमची कोणती?"

मी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि डावीकडची दाखवली. ती माझीच निघाली. मालकाने तिथल्या तिथे स्टिकरवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की त्यालाही मनातून हेच हवं होतं हे दिसलं. वायरिंगवाली म्हणाली, "मावशी, नजर आहे हां." तिच्या घरात तिचा एकटीचाच पगार येतो.

नाना, तुम्ही रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या ट्रकवरची आपली रेघ ओळखायचात. मला हातभर अंतरावरून ओळखू आली नाही. मी डावीकडची दाखवली, कारण ती जवळ होती. "कळत नाही" एवढं म्हटलं असतं तर मी आता दिवसभर केबली पिशव्यांत भरत बसले असते, आणि हात चालत राहिले असते तरी डोकं आठवणींना मोकळंच राहिलं असतं. मला ते नको होतं. मी बाकी दहा जणांचा विचारच केला नाही.

आज रविवार. मालकाला हे सगळं लिहून द्यायचं म्हणून सकाळीच कागद घेऊन बसले आणि वर "नाना" लिहिलं. त्याला लिहिलं असतं तर द्यावं लागलं असतं.