नेचा नावाचा मासा

ती. शैलजामावशीस,
देवांगचा (बर्फात जमेल तितका) साष्टांग नमस्कार.

आज लिहितो, उद्या लिहितो करता करता ॲन आर्बरची पानगळ संपून बर्फ आला, तेव्हा आधी कान पकडतो. तिकडे तुमच्या नोव्हाय गावात सगळे बरे ना? तुझा गुडघा काय म्हणतो? (माझी सायकलही त्याच आवाजात कुरकुरते.)

मला अखेर काम मिळालं! विद्यापीठातल्या रेणूताईंकडे नेचे धुतो. नेचे म्हणजे फर्न गं. वरून पानं बघावीत तर दोन नेचे अगदी जुळे. पण मातीत त्यांचं खोड आडवं पसरलेलं असतं (त्याला मूळ म्हटलं की रेणूताई डोळे वटारतात), त्यावर कुणाला नुसते केस, कुणाला खवले. एखादा खवला सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर रंगीत काचांची जाळीच! खोडाचा आडवा काप घेतला की आत नळ्यांचे ठिपके फेर धरून उभे. माणसाचं कुळ आडनावावरून, नेच्याचं खवल्यांवरून. कुळं शोधता शोधता मलाच खूळ लागलंय. (बसमध्ये पुढच्या गृहस्थांच्या कॉलरवरही सापडलं काहीतरी, पण तो कोंडा निघाला.)

तर घोळ असा. तू ज्यांच्या तळघरात माझी सोय लावलीस, त्या हिमानीकाकू रविवारी मराठी शाळा घेतात आणि घरात इंग्रजी शब्द निघाला की चहा बंद. शिवाय घर शुद्ध शाकाहारी. खोली देताना तेवढीच अट. चहापायी मी 'स्केल्स' हा शब्द गिळला आणि म्हणालो, "काकू, आज दिवसभर खवले काढले!" काकूंचा चमचा हवेत. "मग पातळ काप केले. ओले असतानाच छान पडतात." "अरे देवा! हात धुतलेस का?" "धुतले, पण नखांत थोडं राहतंच. उद्या एक घरी आणतो, तुम्हीच कापून बघा!" (त्यांना गोडी लागली असं वाटलं गं मला.) दुसऱ्या दिवशी आणलेली पिशवी उघडायला गेलो तर बाही नाकाला लावून पळाल्या. "काकू, नेचा आहे हो!" तर म्हणाल्या, "कोकणात जन्म गेला माझा, असला मासा ऐकला नाही!" रविवारपर्यंत खोली रिकामी करायची आहे. या थंडीत मी जाऊ कुठे?

तुझा,
देवांग

ता. क. : काकूंना फोन कर. तुझा शब्द त्या मोडत नाहीत. शपथेवर सांग, देवांगने घरात मासा आणलेला नाही.

ता. क. २ : शपथ तेवढी नको. परवा तू पाठवलेला तळलेल्या सुरमईचा डबा तळघरातल्या फ्रीजमध्ये, नेच्याच्या पिशवीमागेच आहे.

ता. क. ३ : थांब, जिन्यावर कुणीतरी आलंय. काकू नाहीत, त्यांचे यजमान जगन्नाथकाका! चोरपावलांनी, हातात लिंबाची फोड. विचारतायत, "काय रे, तुझा तो नेचा गरम करायचा, की तसाच खातात?"