टेबलावरची आमची टोपी

लुइझियाना, ६ फेब्रुवारी २०२४

प्रिय लूशनदादा,

इतकी वर्षं लिहिलं नाही, माफ कर.

गावच्या कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी मी शाळांमधून मुलं शोधतो. गावचीच मुलं आमच्याकडे येत नाहीत. इथल्या शाळेचा सगळ्यात चांगला खेळाडू ऑड्रिक आला तर माझी नोकरी टिकेल. आज त्याच्या घरी गेलो. उसाच्या शेतांवर धुकं उतरलं होतं, घर तरंगत असल्यासारखं वाटत होतं. त्याची आई वर्नीस भात वाढत म्हणाली, "इथंच राहा रे. दर रविवारी डबा आणीन."

"तीच तर भीती आहे," तो हसला.

अंगणात मात्र हळूच म्हणाला, "कोच, तुमचं कॉलेज इतकं जवळ आहे की तिथला बँड मला अंथरुणात ऐकू येतो. मी लांब, ऑरेगॉनच्या कॉलेजात चाललोय. पण उद्या टेबलावर तुमचीही टोपी असू द्या. आईला शेवटपर्यंत आशा राहील."

उद्या शाळेत सगळ्यांसमोर तो टेबलावर मांडलेल्या टोप्यांतून निवडलेल्या कॉलेजची टोपी डोक्यावर घालेल. मी हो म्हणालो. ही दया की फसवणूक, कळत नाही.

तूही असाच लांबच्या कॉलेजची टोपी उचललीस, तेव्हा इतरांच्या टाळ्या थांबल्या तरी आपली आई वाजवतच राहिली. आम्ही सगळे तुझ्याभोवती होतो, तिच्याजवळ कोणीच नव्हतं.

तुझा,
थिओ

उद्या: वर्नीसच्या शेजारी बसायचं.