लारीवरची आई

प्रिय गायत्री,

तुझ्या लारीवरचा हॉटडॉग मी काल दुपारी खाल्ला. तुला कळलं नाही, कारण मी लारीपाशी आलेच नाही. आमच्या कापड मिलच्या लॅबमधली ज्योती आठवडाभर मागे लागली होती, उधन्यात मागच्या रस्त्यावर नवी लारी लागते, हॉटडॉगची हातगाडी, आज डबा राहू दे, चल. तू लारी टाकलीस हे मला माहीत होतं. तिथे माझी आई उभी असते हे माहीत नव्हतं. दुपारी ती लिंबायतला ताराबाईंकडे भजनाला जाते, असं मला सांगितलेलं आहे. मी डबा सोडून बाहेर खात नाही, हेही तिला पक्कं ठाऊक आहे.

मी कापडाच्या ताक्यांनी भरलेल्या टेम्पोमागे थांबले आणि ज्योतीला पुढे पाठवलं. आई पाव तव्यावर ठेवून, भाकरी दाबावी तशी फडक्याने दाबत होती. रांगेतला एकजण म्हणाला, "मासी, तीखुं ओछुं." तिखट कमी घाल, असं. त्यावर आई म्हणते, "तिखं लागस त खमण खा, भाऊ!" सगळी रांग हसली. तू तर हसता हसता तिच्या खांद्यावर डोकं टेकलंस. गायत्री, माझी आई थट्टा करते, हे मला काल पहिल्यांदा कळलं.

हॉटडॉग चांगला होता. टिक्की गरम, पाव कडेला कुरकुरीत आणि आत लसणाची ती लाल चटणी. ती माझ्या आजोळची. बाबांच्या पोटाला सोसायची नाही म्हणून आमच्याकडे व्हायची नाही. बाबा गेल्यावरही झाली नाही. मी कधी मागितली नाही, हे खरं. पण तू मागितली होतीस का? की तिने आपणहून केली? कालपासून मी एवढाच विचार करते आहे.

बोलण्याचंही तेच. बाबा शाळेत मास्तर, त्यामुळे घरात अहिराणी चालायची नाही. आई अजूनही माझ्याशी मोजून बोलते, पाहुण्यांशी बोलावं तशी. तुझ्याशी मात्र ती भांडत होती. "जाय व माय, कितलं बटर टाकस!" म्हणत तिने तुझ्या हातावर चापट मारली. मला तिने कधी चापट मारल्याचं आठवत नाही. मग ज्योतीने विचारलं, तुम्ही दोघी मायलेकी का? आई म्हणाली, "हां, मन्ही आंडेर शे." ज्योती परत आली आणि खाता खाता मला विचारू लागली, आंडेर म्हणजे काय गं? मी म्हटलं, मुलगी.

मी दिवसभर रंग जुळवते. कापडाचे दोन तुकडे एका दिव्याखाली तंतोतंत सारखे दिसतात, दुसऱ्या दिव्याखाली वेगळे. आईला मी आजवर एकाच दिव्याखाली पाहिलं. तुझी आई गेली आणि माझी आई तुला डबा पाठवू लागली, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. डबा देणं वेगळं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मला तिरुपूरला, पार दक्षिणेत, नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात निघायचं आहे. आईला न्यायचं, हे मी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं. तिथे तिला आपली भाषा बोलणारं कुणी भेटणार नाही, बोलायला मी एकटीच असेन, आणि खरं सांगायचं तर मला हेच आवडलं होतं. मी चल म्हटलं की ती येईल. एक शब्द न बोलता भांडी बांधायला घेईल. नोकरीचं ऐकल्यावर परवाच विचारत होती, तिकडे ज्वारी मिळते का? मला इथेच राहायचंय, असं ती मला कधीच सांगणार नाही. म्हणून तू तिला थांब म्हण. हट्ट कर, रड, तुझ्याशिवाय लारी चालणार नाही म्हण, तुला ते जमतं. तुझं ती ऐकेल. फक्त मी समोर असताना म्हणू नकोस.

तुझीच, निदान सवयीने,
सोनाली