हातातले सोडा

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे धडधाकट आहोत. हे सवयीने लिहिलेले नाही. मंगळवारपासून मी रोज मोजून खात्री करतो.

परदेशी मालकांचे कागद मराठीत आणणे हे पोलाद कारखान्यातले माझे काम. (मी भाषा विषय घेतला तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, निदान कोणाचा जीव तरी जाणार नाही.) नव्या सूचनापत्रकात मी लिहिले, ‘भोंगा वाजताच हातातले सोडा आणि बाहेर पडा.’ ‘सोडा’ की ‘ठेवा’ यात दोन दिवस घालवले. ‘ठेवा’ मिळमिळीत वाटले. मंगळवारी सरावाचा भोंगा वाजला. क्रेनवर आमचे शेजारी होते. त्यांना सगळे हुकूम म्हणतात, कारण सांगितलेले ते शब्दशः करतात. क्रेनच्या चुंबकाला सहा टनांची प्लेट लटकलेली आणि समोरच्या बटणावर, तेही माझेच भाषांतर, ‘सोडा’. हुकूमनी सोडले.

आमच्या शेडला दोन दारे. मागच्याला दोन वर्षे साखळी आहे, त्यामुळे सगळे क्रेनखालच्या दारातून जातात. तिथे रेटारेटी नको म्हणून सरावाच्या दिवशी लोक आधीच जेवणाचे डबे रांगेत ठेवून नंबर लावतात. प्लेटखाली बेचाळीस डबे क्षणात कागद झाले. त्या डब्यांकडे धावणाऱ्यांत सर्वांत पुढे मी होतो, पंधरा पावलांवर. (सूचना लिहिणाऱ्याने आदर्श घालून द्यावा म्हणून.)

परदेशी साहेब आले, वाकले, प्लेटवरून हात फिरवून काहीतरी बोलले. सवयीने मी मोठ्याने मराठी केले, “प्लेटला काही झालं नाही ना?” बेचाळीस जण माझ्याकडे पाहत राहिले.

चौकशीत ठरले: भाषांतरातला दोष आणि हुकूमचा निष्काळजीपणा. मला ताकीद, हुकूमना येत्या सोमवारी नारळ. आपली जबाबदारी ओळखून कंपनी सर्वांना नवे डबे देणार आहे. साखळी आहे तिथेच. हुकूम मला एवढेच म्हणाले, “भाऊ, ‘धरा’ लिहिलं असतंत तर अजून धरून बसलो असतो.” ते रागावले असते तर बरे झाले असते.

चूक माझी का? आहे, डायरीत तसे लिहिले. लिहिताना मागची पाने चाळली. साखळी काढा, हा कामगारांचा अर्ज गेल्या वर्षी मीच साहेबांच्या भाषेत नेला होता. ‘माणसे लवकर सटकतील, साखळी राहू द्या’ हे त्यांचे सहीचे उत्तर मीच मराठीत आणले होते. त्या भाषांतरात कोणालाही दोष सापडला नव्हता.

मामींना नमस्कार.

आपला, तूर्त अखंड,
भाचा

ता. क. त्या उत्तराची प्रत, सहीसकट, सोबत आहे. अत्यंत गुप्त. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही असे मामी म्हणतात, म्हणून बजावतो.

आणखी एक. तुमच्याकडे पत्ते खेळायला येणाऱ्या त्या कारखाना-निरीक्षकांना तर यातले अवाक्षर कळता कामा नये. सोमवारच्या आत मुळीच नाही. (पत्र शनिवारी पोचेल. शनिवारी खेळता ना?)